कंडेन्सर काकू आणि मास्तरांचा उजवा हात

काकूंच्या दुकानात बसायला स्टूल एकच, आणि त्यावर कायम कुठलातरी उघडा अँप्लिफायर बसलेला. गिऱ्हाइकाने उभं राहायचं. मीही उभीच राहते, आणि आमची ओळख अर्ध्या आयुष्याची आहे. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली फट. वर पत्रा, मागे नळ, भिंतीवर लहानमोठे स्क्रूड्रायव्हर भावंडांसारखे उंचीने टांगलेले. टेबलावर भिंगाचा दिवा, तारा पक्क्या जोडायची सोल्डर गन आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे. त्या डब्यांत कुणी कधी बिस्किट पाहिलेलं नाही.

सगळे त्यांना कंडेन्सर काकू म्हणतात. पुस्तकात त्याला कॅपॅसिटर म्हणतात म्हणे. पुस्तकाला काय म्हणायचं ते म्हणू दे, बाजारात तो कंडेन्सर, आणि आमच्या कारखान्यात आम्ही तोच बनवत होतो. पातळ पत्रा आणि कागद एकावर एक ठेवून गुंडाळायचा, ती गुंडाळी रसायनात भिजवायची, वर नळकांडं चढवून तोंड बंद करायचं. गुंडाळायच्या बाकावर मी. तपासणीच्या टेबलावर काकू. त्यांनी बाजूला टाकलेला माल परत पुढे सरकवायची कुणाची टाप नव्हती, सुपरवायझरचीसुद्धा.

मालकाने गेटला कुलूप घातलं त्या दिवशी मी पुढारी झाले. त्याआधी मी फक्त तोंडाळ होते. गेटसमोरच्या पहिल्याच सभेत माझा भोंगा ऐन शिवीच्या जागी मुका झाला. मी तो रस्त्यावर आपटणार, तेवढ्यात काकूंनी हातातून काढून घेतला, केसातला आकडा उपसून तो उघडला, आत काहीतरी दाबलं आणि परत दिला. म्हणाल्या, "घे. पुढची शिवी दे."

तो लढा आम्ही हरलो. का हरलो त्यावर मी इतर ठिकाणी पुष्कळ बोलले आहे. इथे एवढंच सांगायचंय की काकू त्या कारखान्यातून एक डबा घेऊन बाहेर पडल्या. शेवटच्या घाण्यातले, त्यांच्या हाताने तपासलेले कंडेन्सर. पुढे दुकान टाकलं, शेकडो यंत्रं दुरुस्त केली, पण त्या डब्यातला एकही कुणाच्या पंख्याला नाही की रेडिओला नाही. वरच्या फळीवर, फडक्याखाली. आम्ही जुन्या बायका दुकानात गेलो की एकदा तरी तिकडे नजर जायचीच.

दुकानाचे काकूंचे दोन नियम होते. जुना काढलेला भाग चिंधीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. आणि मालकाला विचारल्याशिवाय यंत्राचा स्वभाव बदलायचा नाही. "दुरुस्ती वेगळी, सुधारणा वेगळी," असं त्या म्हणायच्या. "दुरुस्तीत मी डॉक्टर. सुधारणेत मी चोर, विचारलं नाही तर."

यातला दुसरा नियम त्यांनी एकदाच मोडला. मास्तरांसाठी.

मास्तर कारखान्यातले नव्हते. समोरच्या हॉलमधल्या बँडमध्ये सिंथेसायझर वाजवायचे आणि दुपारी घरी पोरांना शिकवायचे. पण गेटवर आमचं बसणं सुरू झालं तेव्हा ते यंत्र पाठीवर घालून यायचे, आमच्या वायरीतून वायर ओढायचे आणि दोन भाषणांच्या मधे वाजवायचे. लोक माझ्यासाठी थांबतात की मास्तरांसाठी, हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं. तरी ते वाजवायला लागले की मीही घोषणा बंद करून ऐकायची.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीभ सुधारली, पाय सुधारला, उजवा हात मात्र मागे राहिला. हलायचा, पण उशिरा. मनात सूर आला की तो हात जणू आधी चष्मा शोधायचा, मग निघायचा.

एका सकाळी मी माझा भोंगा घेऊन दुकानात उभी होते. मास्तरांची मुलगी टॅक्सीतून उतरली. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते ती, बोलणं अगदी मोजून. चादरीत गुंडाळलेलं लांबट गाठोडं तिने टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काकू, ताई आजारी आहे."

मी तिच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"ही," तिने गाठोड्यावर हात ठेवला. "माझ्या आधी आली ना घरात. बाबा हिचं अंग मऊ कापसाने पुसायचे आणि माझं टॉवेलने."

ताईला गुरगुर लागली होती आणि मधूनमधून खोकला. काकूंनी झाकण उघडलं, भिंग खाली ओढलं, वास घेतला. "कंडेन्सर सुकलेत. वयाने होतं. माझे गुडघे काढून दाखवू का, असेच दिसतील. बदलते सगळे, ठेवून जा."

मुलगी गेली नाही. चादरीची घडी घालत राहिली, उलगडून परत घालत राहिली.

"अजून एक आहे. बाबांना कळता कामा नये."

"मग मला तरी कशाला सांगतेस?" काकू म्हणाल्या, पण भिंग बाजूला केलं.

तिने सांगितलं. मास्तर रोज बसतात. एक सूर वाजवतात, पुढच्या कळेकडे हात निघतो, पण तो पोचायच्या आत पहिला सूर मरतो. मधे भोक पडतं. मास्तर त्या भोकात अडकतात आणि हात मांडीवर ठेवतात. "सूर लांबवायचं एक बटण आहे. मी स्वयंपाकघरात गेले की ते हळूच पुढे सरकवतात. मला ऐकू येतं. आता ते शेवटाला टेकलंय."

काकूंनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळल्या, कारण मला काही कळलं नव्हतं आणि ते मी तोंडावर दाखवत नव्हते. "बघ, आत कंडेन्सर असतो, ती टाकी समज. कळ दाबली की टाकी भरते. सोडली की रिकामी व्हायला लागते. ती रिकामी होईतो सूर जिवंत. बटण म्हणजे नळ, बारीक केला की सावकाश रिकामी होते. मास्तरांचा नळ आता याहून बारीक होत नाही."

"मग टाकी मोठी बसवा," मुलगी म्हणाली.

"बसवता येते. पण त्यांना विचारून."

"विचारलं तर ते तिला हात लावणार नाहीत. दवाखान्यातून काठी दिली होती, ती कपाटाच्या मागे आहे. मी काढली की ते परत टाकतात."

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, यंत्र त्यांचं, हात त्यांचा, आणि ठरवणार तुम्ही दोघी? आपल्याला न विचारता आपल्या भल्याचं ठरवणारे पुष्कळ बघितले आपण, एक तर कुलूपच लावून गेला.

"भोंगा बाहेर ठेव गं, पुढारीणबाई," काकू शांतपणे म्हणाल्या. "इथे सभा नाही."

मग त्या कळांवरून बोट फिरवत राहिल्या. उजवीकडच्या कळा बोटांखाली झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. डावीकडच्या अजून खरखरीत होत्या. काकूंचं बोट गुळगुळीत भागावर जायचं, परत यायचं.

"एवढ्या झिजवल्यात माणसाने," त्या म्हणाल्या. "बरं. नाही सांगत."

मी पाय आपटत निघायला हवं होतं. पण कंडेन्सर निवडताना काकूंना बघणं हा सिनेमा असतो, तो सोडून कोण जातं. मी थांबले.

बाकीचे जागच्या जागी बदलून झाले, जसे होते तसेच. त्या एका टाकीपाशी काकूंनी हात पुसले. मूळचा एक मायक्रोफॅरडचा होता, ते टाकीचं माप. त्यांना चार पॉइंट सातचा हवा होता. आधी टँटलमचा काढला, रंगीत थेंबासारखा दिसतो. जागेवर ठेवून बघितला, छान बसला, तरी उचलला. "हा मरतो तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन मरतो." मग फिल्मचा, चौकोनी ठोकळा. "हा सज्जन. सुकत नाही, गळत नाही. पण अंगाने जाडा, झाकण लागणार नाही. झाकण उचललेलं दिसलं की मास्तर विचारणार." राहिलं नळकांडं, आम्ही बनवायचो तसलं. काकू नव्या नळकांड्यांच्या पुड्यात हात घालायला निघाल्या आणि मधेच थांबल्या.

स्टुलावरचा अँप्लिफायर खाली ठेवला, स्टुलावर चढल्या, फडकं बाजूला केलं.

 रस्त्यावर उतरून भांडणाऱ्या बाईने कुणाच्या दुकानात रडायचं नसतं. काकूंनी आमचा एक कंडेन्सर पुसला, त्याचे तारेचे पाय सरळ केले आणि लावला. "गेटवर वाजवलं होतं त्यांनी," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "लावा. याच्याहून चांगला कुणाचा असणार?" विचारायचं की नाही यावर मघाशी तावातावाने भांडणारी मी, त्या एका कंडेन्सरवर विरघळले.

यंत्र घरी गेलं. मास्तरांना सांगितलं, कंडेन्सर सुकले होते, बदलले. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त वाईट. मुलीचा फोन आला, भोकं बुजली, बाबा वाजवतायत. काकूंनी त्या दिवशी मला चहा पाजला आणि स्टूल रिकामं करून दिलं.

मग एक दिवस मी दुकानात असताना मुलगी आली. चेहरा उतरलेला.

"बाबा ताईला देऊन टाकतायत. हॉलमधली पोरं उद्या न्यायला येणार."

"का?"

"हात पुन्हा गेला म्हणतात. सुरुवातीला छान वाजवतात, काकू. दूध तापून वर येईपर्यंत तर ऐकत राहावंसं वाटतं. मग सूर तुटायला लागतात. रोज तसंच. बाबा म्हणाले, हा हात फक्त हजेरी लावून घरी जातो."

काकूंच्या हातातली सोल्डर गन तशीच राहिली. "खोलीत पंखा असतो?"

"नाही. त्यांना वारं सोसत नाही."

"आणि यंत्र गरम होतं."

"होतं की. पूर्वीपासून."

काकू उठल्या, फळीवरचा डबा काढला आणि त्यातला एक कंडेन्सर मीटरवर लावला. दिवा जवळ ओढून त्याला ऊब दिली. काटा हळूहळू घसरत गेला. दुसरा लावला. तोही. मग एकामागून एक लावत गेल्या, आणि मुलीने नि मी उभं राहून आमच्या कारखान्याचा शेवटचा घाणा नापास होताना बघितला.

"सगळे गळतात," काकू म्हणाल्या. "थंड असतात तोवर धरून ठेवतात. तापले की टाकीला भोक."

"पण तुम्ही तपासलेले ना?" मी म्हटलं. मला राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं.

"तेव्हा उत्तम होते. कंडेन्सर नुसता ठेवून दिला की आतून बिघडतो गं. त्याला अधूनमधून वीज लागते. मला काय ठाऊक नव्हतं? देवासारखे वर नेऊन बसवले." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्या माणसाचा हात शाबूत होता, आणि तो रोज स्वतःच्या हाताला बोल लावत होता."

'मी म्हटलं होतं, विचारा' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आयुष्यात फार कमी वाक्यं मी गिळली आहेत. हे गिळलं. काकूंची हत्यारांची पिशवी उचलली आणि त्या दोघींच्या मागोमाग निघाले.

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. यंत्र चादरीखाली. आम्हाला बघून उठायला लागले, काकूंनी हाताने बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या, त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक उभं राहतं तशा.

"मास्तर, तुमचा हात चुकला नाही. माझा कंडेन्सर चुकला."

मग सगळं सांगितलं. मोठी टाकी, कारखान्याचा डबा, ऊब, गळती. काही झाकलं नाही, मुलीचं नाव मात्र कुठे घेतलं नाही. मास्तरांनी ते बरोबर ओळखलं आणि मुलीला विचारलं,

"तुला माहीत होतं?"

मुलगी म्हणाली, "मीच सांगितलं होतं करायला."

 मास्तरांनी मग अगदी वेगळंच विचारलं. "आणि कानाचं काय?"

"कान?" काकू म्हणाल्या.

"पूर्वी कळ दाबली की सूर उडी मारून यायचा. आता दारात चपला काढून येतो. मी पहिल्याच दिवशी ऐकलं. पण हिला तसं वाटत नव्हतं, कुणालाच वाटत नव्हतं. मला वाटलं हाताच्या मागोमाग कानही निघाले." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "बोललो नाही कुणाला. लोकांच्या लेखी दुखणं हातावरच भागतंय तोवर भागू दे म्हटलं."

काकू पलंगावर बसल्या. "टाकी मोठी म्हणून भरायलाही वेळ लागतो, मास्तर. सूर खरंच चपला काढून येत होता. तुमचे कान ठणठणीत आहेत. आम्हा सगळ्यांचे बहिरे."

"तुम्ही मला इतके दिवस बहिरा करून ठेवलंत, बाई."

"ठेवलं," काकू म्हणाल्या. "चुकले मी."

पुढे सारवासारव नाही, पण-बिण नाही. मी बरीच माफीपत्रं वाचली आहेत, त्यातल्या एकातही हे इतकं साधं जमलेलं नव्हतं. मास्तरांनी तोंडावरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, "उघडा तिला. माझ्यासमोर."

काकूंनी आमचा कंडेन्सर काढला आणि त्या जागी दोन वायरी बाहेर घेऊन टोकांना चिमटे लावले. पिशवीतून फिल्मचे ठोकळे काढले, लहानमोठे. मास्तर म्हणाले, "आकडा सांगायचा नाही. मी ऐकतो."

सगळ्यात मोठा लावला. गेटवर वाजवायचे तीच चाल मास्तरांनी धरली. हात निघायचा, उशिरा पोचायचा, आणि सूर दारात उभा राहून त्याची वाट बघायचा. एकही भोक नाही. मुलीने माझा दंड धरला.

"हा नको," मास्तर म्हणाले. "सूर एकमेकांच्या अंगावर पडतायत."

"पण बाबा, भोकं तर गेली."

"गेली ती हातामुळे नाही गेली."

मधला लावला. मास्तरांनी पुन्हा चाल घेतली. एक लांबची उडी होती, तिथे सूर हात पोचण्याआधी संपला. मास्तर थांबले नाहीत, पुढे गेले. संपवून म्हणाले, "हा."

"तीन पॉइंट तीन," काकू म्हणाल्या. "एका जागी तुटतोय, मास्तर. थोडा वाढवू?"

"राहू दे. तेवढं हाताकडे. सगळंच आयतं दिलं तर तो घरजावई होऊन बसेल."

पहिली हसली ती मुलगी. मग काकू. मी सगळ्यात शेवटी हसले, कारण मी खिडकीतून बाहेर बघत होते.

ठोकळा झाकणाखाली मावेना, म्हणून काकूंनी तो कळांच्या कडेच्या कोपऱ्यात, गरम भागापासून लांब, दोऱ्याने आडवा बांधला. चिमटे काढून सोल्डर मारायला घेतलं तर मास्तर म्हणाले, "इतक्यात नको. हाताशी माझं बोलणं चालू आहे अजून."

निघताना काकूंनी मुलीकडे दिलेली मूळच्या कंडेन्सरची चिंधी मागून घेऊन त्यांच्यासमोर ठेवली. मास्तर म्हणाले, "आणि दुसरा?"

"तो खराब आहे."

"माझ्या यंत्रातून निघाला. नियम तुमचाच. त्याच्यासाठी उन्हात उभा राहून वाजवलंय मी."

काकूंनी खिशातून आमचा गळका कंडेन्सर काढला आणि त्याच चिंधीत बांधला. हॉलमधल्या पोरांना मुलीने फोन करून सांगितलं की यायची गरज नाही.

त्यानंतर काकूंचा तो डबा फळीवर नसतो. टेबलावर असतो, उघडा. कामातून उसंत मिळाली की एकेका कंडेन्सरला मीटरवर लावून हळूहळू वीज पाजतात, आजाऱ्याला पेज पाजावी तशी. काही सुधारतात. काही नाही. जे सुधारतात ते पंख्याला, रेडिओला, माझ्या भोंग्यालाही. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं.

थंडी सरताना मास्तरांनी काकूंना बोलावणं पाठवलं. मीही गेले, न बोलावता. मास्तर म्हणाले, "आज मूळचा लावा. एकदाच. किती अंतर राहिलंय ते बघायचंय."

काकूंनी चिंधी सोडून तो सुकलेला बाजूला ठेवला आणि पिशवीतला तेवढ्याच मापाचा नवा चिमट्यात धरला. मास्तरांनी चाल वाजवली. भोकंच भोकं. हात काही सुधारला नव्हता, हे आम्हा तिघींना कळलं, आणि आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं. पण ते पूर्वीसारखे थांबले मात्र नाहीत. सूर मेला की तेवढी शांतता मनात मोजल्यासारखी मान हलवायचे, आणि हात येईल तेव्हा पुढचा सूर. असं करत शेवटपर्यंत गेले. मग हात मांडीवर ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "कळलं. आता माझा लावा."

काकूंनी तीन पॉइंट तीन परत जागेवर धरला आणि चिमट्यांकडे हात नेला.

"चिमटे नकोत," मास्तर म्हणाले. "सोल्डर मारा."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग गन तापत ठेवली. कोपऱ्यात अंधार होता. मुलगी दिवा धरायला पुढे झाली, तशी मास्तर म्हणाले, "दे, मी धरतो," आणि उजवा हात पुढे केला. हात निघाला, थबकला, परत निघाला.

काकू गन हातात धरून थांबल्या. दिवा जागेवर आला, तेव्हा त्या वाकल्या.